कन्हानकाठच्या संग्राहकाने काय जमवावे?

नाणी आणि जुन्या वस्तू जमवू लागलेल्या माणसाला जाणकारांकडून पहिला सल्ला मिळतो तो ‘एक विषय धरा’ हा. सल्ला खरा आहे, पण अर्धा आहे. विषय निवडायचा कसा, हे सांगायची वेळ आली की बहुतेकांजवळ तीनच कसोट्या असतात: खिशाला परवडेल ते, कॅटलॉगात दुर्मीळ म्हणून छापले आहे ते, किंवा ज्या राजघराण्याचा मनात अभिमान आहे त्याचे. मग नागपूरजवळच्या कन्हान, कामठी, रामटेक या पट्ट्यातला संग्राहकही पुण्या-मुंबईच्या संग्राहकासारखाच शिवराईमागे धावतो, १९३९ चा जॉर्ज सहावा छापाचा चांदीचा रुपया शोधतो, आणि राणीछाप रुपयांच्या सालांचा संच पुरा करण्यात वर्षे घालवतो. असा संच पुरा झाला तरी त्यातून नवे काही कळत नाही, कारण तोच संच देशभरात शेकडो घरांत आधीच पुरा झालेला असतो. माझे म्हणणे असे, की केंद्रविषय म्हणजे वस्तूंचा प्रकार नव्हे, केंद्रविषय म्हणजे एक प्रश्न. आणि संग्राहक जिथे राहतो त्या भूमीलाच तो प्रश्न विचारता आला, तर बेताच्या पैशांत जमलेल्या संग्रहातूनही मोठ्या संग्रहालयांच्या कपाटात नसलेले ज्ञान निघू शकते.

नाणे एकटे फार थोडे बोलते. सोबत असली की बोलते. महाराष्ट्रातलेच दोन दाखले घेऊ. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. संख्या होती सव्वातेरा हजारांच्या आसपास. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाचे नाणे आधीही माहीत होते. पण दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर विजेत्याची छाप आहे, हे प्रमाण कळले ते साठा बऱ्याच अंशी एकत्र पाहता आला म्हणून. दुसरा दाखला विदर्भातला. तऱ्हाळा येथे, म्हणजे तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटिन या मिश्रधातूची दीड हजारांहून अधिक नाणी मिळाली. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचली तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत न सापडणारी राजांची नावे पुढे आली. बाजारात अशा एका झिजलेल्या नाण्याला फारशी किंमत मिळाली नसती. त्यातली चांगली दिसणारी पन्नास नाणी कोणी निवडून घेतली असती आणि उरलेली मोडीत गेली असती, तर सातवाहनांच्या उत्तरकाळाचे चित्र आजच्यापेक्षा कितीतरी धूसर राहिले असते.

कन्हानच्या उशालाच याची उलटी बाजूही दिसते. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मनसर म्हणजे प्रवरपूर असे काही जण. एवढे मोठे राजघराणे, पण त्याने स्वतःची नाणी पाडली की नाही, यावर अजून वाद आहे. दीर्घकाळ ‘पाडली नाहीत’ असाच समज होता. पुढे अजय मित्र शास्त्रींसह काही विद्वानांनी विदर्भात मिळालेली लहान तांब्याची नाणी वाकाटकांची म्हणून सुचवली, आणि इतरांनी त्या वाचनावर शंका घेतल्या. जे नाणे व्यापाऱ्याच्या पेटीतून येते त्याचे गाव, थर आणि सोबतच्या वस्तू हरवलेल्या असतात. अशा नाण्यांच्या जोरावर हा वाद मिटणे कठीण. याउलट नगरधनच्या उत्खननात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांच्या पथकाला प्रभावतीगुप्ताचे नाव असलेले मातीचे मुद्रांकन मिळाले. मातीचा एवढासा तुकडा, बाजारात शून्य किमतीचा. पण तो कुठे आणि कशासोबत मिळाला हे नोंदलेले असल्यामुळे वाकाटकांच्या राणीची सत्ता त्याच मातीत सिद्ध करणारा पुरावा झाला.

मग कन्हानच्या संग्राहकाने वाकाटकच धरावेत का? घराजवळ नंदिवर्धन असताना हा मोह स्वाभाविक आहे. तरी माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागे कायदा आहे तसे शास्त्रही आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षे पूर्ण झालेले कोणतेही नाणे पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. ही शंभर वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जॉर्ज पंचमच्या पहिल्या दशकातला साधा रुपया आज त्या व्याख्येत बसतो. वारशाने आलेले नाणे घरात ठेवणे हा गुन्हा नाही. पण नांगराच्या फाळाला लागलेले मडके गुपचूप विकत घेणे हा निश्चित गुन्हा आहे, आणि त्याहून मोठे नुकसान असे की ते मडके फुटताक्षणी दुसऱ्या तऱ्हाळ्याची शक्यता संपते. अभिमानापोटी प्राचीन नाणी धरणाऱ्या प्रामाणिक संग्राहकाची मागणीही शेवटी कुणाच्या तरी हातात कुदळ देते. विदर्भाचे प्राचीन नाणे पाहायचे तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. १८६३ पासून उभे असलेले आणि लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’च राहिलेले. पाहण्यासाठी, शिकण्यासाठी ते आहेच. जमवण्यासाठी मात्र काळ अलीकडचा धरावा.

अलीकडचा म्हणजे कोणता? या पट्ट्यापुरते पाहिले तर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईपासून १९६४ मध्ये ‘नया पैसा’ यातला ‘नया’ गळून पडेपर्यंतची जवळपास दीडशे वर्षे. आणि प्रश्न असा: या काळात कन्हानकाठच्या माणसाच्या मुठीत कोणता पैसा होता? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर कोणत्याही कॅटलॉगात नाही. टांकसाळीने काय पाडले हे कॅटलॉग सांगतो. ते कोणाच्या हाती, कोणत्या बाजारात, किती वर्षे खेळले हे सांगत नाही. नागपूरकर भोसल्यांचा रुपया मोगल बादशहाच्या नावाने निघे. १७५१ मध्ये ओडिशा त्यांच्याकडे आल्यावर कटकच्या रुपयावर अहमदशहा बहादूरचे नाव चालू राहिले ते तो बादशहा गादीवरून गेल्यानंतरही, कारण सराफाला ओळखीचा चेहरामोहरा हवा असतो. कटक १८०३ मध्ये गेले, नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, कंपनीने १८३५ मध्येच आपल्या प्रांतांसाठी एकसारखा रुपया काढला. या तारखा पुस्तकातल्या. पण भोसल्यांचा रुपया खेड्यातल्या व्यवहारातून खरोखर कधी हटला? आणखी एक गोष्ट. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली, तिथे मद्रास फौजेच्या पलटणी असत. शिपायांबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे आली. त्यांच्यासोबत मद्रास प्रांताचे तांब्याचे पैसे किती आले, पेंच आणि कोलार जिथे कन्हानला मिळतात त्या परिसरातल्या बाजारांत ते किती चालले? कामठी, कन्हान, मनसर या गावांतल्या घरांमधून निघालेली, ठिकाणासह नोंदलेली दोनशे साधी तांब्याची नाणी याबद्दल जे सांगतील ते मुंबईच्या लिलावातले एकही दुर्मीळ नाणे सांगणार नाही.

प्रश्न बदलला की दोष म्हणजे काय, हेही बदलते. संग्राहकांच्या जगात सराफाने पारखताना ठोकलेली बारीक खूण नाण्याची किंमत उतरवते. कडी डकवलेला रुपया तर ‘खराब’ म्हणून बाजूला पडतो. पण ज्याचा प्रश्न वापराचा आहे त्याला ही खूणच मजकूर आहे. परक्या किंवा झिजलेल्या रुपयावर सराफ जी कसर कापत असे तो बट्टा. त्या शब्दाने मराठीत नावाला बट्टा लावण्यापर्यंत मजल मारली, एवढा तो रोजच्या जगण्यात मुरलेला होता. ज्या रुपयावर पाच-सहा खुणा आहेत तो पाच-सहा वेळा कोणाच्या तरी संशयातून पार झालेला आहे. कडी डकवलेला रुपया हमेलीत, म्हणजे रुपयांच्या माळेत, ओवला गेला, म्हणजे तो चलनातून निघून बाईच्या गळ्यातली शिल्लक झाला. दुष्काळाच्या वर्षी तीच माळ तुटून एकेक रुपया पुन्हा बाजारात येत असे. १९४० मध्ये रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली आणि १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही. हमेलीतल्या रुपयांची साले नुसती मांडली तरी आपल्या भागातल्या बायकांनी हा फरक किती लवकर ओळखला, याचा अंदाज बांधता येईल. म्हणूनच जुन्या नाण्याला चिंच, राख किंवा पितांबरी लावून चकचकीत करणे हा मी संग्राहकाचा सर्वांत मोठा अपराध मानतो. तांब्यावर वर्षानुवर्षे बसलेला हिरवट-काळपट थर गेला की नाण्याचा निम्मा इतिहास गेला. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक खिशांचीही तीच गोष्ट. काही वर्षांत त्यांतून चिकट हिरवट स्राव सुटून धातू खातो. कागदी पाकीट बरे.

प्रश्न धरला की नाणी आणि इतर जुन्या वस्तू यांच्यातली भिंतही आपोआप पडते. ब्रिटिश काळातला रुपया वजनाला बरोबर एक तोळा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम, असे ऐंशी तोळे म्हणजे एक शेर. घरात वजने नसतील तर रुपये टाकून तोलता येत असे. मग रुपयाच्या संग्रहाशेजारी लोखंडी शेर-अदशेर, धान्य मोजायची पायली, सराफाचा लहान तराजू हे सारे एकाच गोष्टीचे भाग होतात: मोजणे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी. एकाच पिढीने पैसा आणि माप दोन्ही बदलताना पाहिले. आण्याचे सव्वासहा नये पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस असा हिशेब लागू झाला. दर सौद्यात पाव-अर्धा पैसा कोणाच्या तरी बाजूला सरकत होता. तो दुकानदाराच्या बाजूला गेला की गिऱ्हाइकाच्या, हे त्या वर्षांच्या वह्या आणि गल्ल्यातून उरलेली मिश्र चिल्लर पाहूनच कळेल. जुन्या दुकानांच्या माळ्यावर अशा वह्या असतात, त्या रद्दीत जातात. माझ्या मते आज या भागात जमवण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तू तीच.

कन्हानची स्वतःची म्हणावी अशी आणखी दोन दालने आहेत. एक रेल्वे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने छत्तीसगडकडे जाणारी आधीची मीटरगेज लाईन घेऊन रुंद केली; कन्हानचा पूल आणि पुढे कन्हानहून रामटेकला फुटणारा फाटा यांमुळे इथले स्थानक मोक्याचे झाले. जाड पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटे संगणक आल्यावर संपली. रामटेकच्या यात्रेचे भाडे कोणत्या वर्षी किती होते, हे त्या तिकिटांवर छापलेले आहे. दुसरे दालन खाणींचे. मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या आणि सिलेवाडा, इंदर, गोंडेगाव अशा कोळशाच्या खाणी या परिसराची ओळख आहेत. खाणीत उतरताना कामगाराला क्रमांकाचा धातूचा बिल्ला देण्याची पद्धत जगभरच्या खाणींत होती. कोण आत आहे आणि कोण वर आला, हे त्या बिल्ल्यांवरून कळे. कोळसा खाणींचे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि खासगी कंपन्यांची नावे पुसली गेली. बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या आणि जुने दिवे यांतून ती नावे परत वाचता येतील. अर्थात चालू खाणीच्या हद्दीतून किंवा रेल्वेच्या आवारातून काही उचलून आणणे ही चोरी आहे. जे निवृत्त माणसाच्या घरात आहे आणि तो राजीखुशीने देतो, तेवढेच आपले.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की छंद आनंदासाठी असतो, त्याला संशोधनाचे जू कशाला? आणि दाखला दिला जाईल दिनकर केळकरांचा. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वज्री आहेत, कुलुपे, दौती, वाद्ये, दारे-खिडक्या आहेत. हजारो वस्तू, आणि विषय एक नाही! पण बारकाईने पाहिले तर केळकरांनी घेतलेली बहुतेक प्रत्येक वस्तू एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: रोजच्या वापराच्या साध्या गोष्टीत इथल्या कारागिराने सौंदर्य कुठे आणि का ओतले? राजाच्या सिंहासनापेक्षा पाय घासायची वज्री त्यांना बोलावत होती. वस्तूंचे प्रकार अनेक, प्रश्न एक. मी ज्याला केंद्रविषय म्हणतो त्याचा त्यांच्याइतका उत्तम नमुना मराठीत दुसरा नाही. आनंदाचा मुद्दा तर उलटाच पडतो. ज्याला काय शोधतो आहोत हे माहीत असते, त्याला भंगाराच्या ढिगातही काही तरी सापडते. ज्याला माहीत नसते तो दुर्मिळतेच्या यादीला आणि विक्रेत्याच्या बोलण्याला बांधला जातो.

दुसरा आक्षेप अरुंदपणाचा. विषय इतका स्थानिक केला तर तो दोन वर्षांत आटेल, बाहेर कोणाला त्यात रस नसेल. अनुभव असा नाही. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी केवळ मराठ्यांच्या टांकसाळी धरल्या आणि १९८९ चा त्यांचा ग्रंथ आजही आधार मानला जातो. त्याहून अरुंद विषय, नागपूरकर भोसल्यांची नाणी, प्रशांत कुलकर्णी यांनी धरला. १९९० चे ते पुस्तक नागपुरातूनच निघाले. विषय अरुंद असल्यामुळेच ही कामे टिकली. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था उभी आहे, तिथे नवशिक्यालाही वाचायला आणि विचारायला जागा मिळते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत जोरात मांडला जातो: जमवायचेच तर पुढे भाव येईल असे जमवावे. यात धोका किती आहे हे लोकांना माहीत नसते असे नाही, तरी मोह सुटत नाही. रामदरबार किंवा हनुमान असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ किंवा ‘१६१६’ असे ठळक छापलेली तांब्याची नाणी आजही विकली जातात आणि त्यांना चमत्कारिक शक्ती चिकटवल्या जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. ती नंतरच्या काळातली बनावट टोकने आहेत. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देऊ म्हणून आधी शुल्क उकळणाऱ्या जाहिरातींत तर रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले गेले, आणि असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही असे बँकेला २०२१ मध्ये जाहीर करावे लागले. भावावर नजर ठेवणारा संग्राहक या सापळ्यांच्या अगदी मधोमध उभा असतो. वापराचा प्रश्न धरणाऱ्याला खोटे नाणे विकणे अवघड, कारण त्याला हवे असते ते झिजलेले, स्वस्त आणि ओळखीच्या घरातले. तसले खोटे पाडण्यात कोणाचाच फायदा नसतो.

खर्चच करायचा नसेल त्यालाही दार बंद नाही. आज चलनात असलेल्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईची हिऱ्याच्या आकाराची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. कन्हान देशाच्या जवळजवळ मध्यावर, या चारही टांकसाळींपासून दूर. एखाद्या शाळकरी मुलाने गावातल्या किराणा दुकानातली पाचशे नाणी वर्षातून दोनदा पाहून फक्त आकडे मांडले, नाणी परत केली, तरी कोणत्या टांकसाळीचा पैसा इथवर पोचतो याची नोंद तयार होते. कोणती खूण साल पुढे जाताना कमी होत गेली, हे पाहायला त्याला आणखी काही वर्षे थांबावे लागेल, एवढेच.

या साऱ्यात लागते ती एक वही. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या गावाची, कोणत्या तऱ्हेच्या घरातली, देणाऱ्याने तिच्याबद्दल काय सांगितले आणि कोणत्या तारखेला. देणाऱ्याचे बोलणे शक्यतो त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडी-नागपुरी असेल तसे. ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, चवली, पावली, अधेली हे शब्द कोण कशासाठी वापरत होते, हे नाण्यावर लिहिलेले नसते. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या टंचाईच्या वर्षांत तांबे वाचवण्यासाठी निघाला, हे सरकारी कारण. तो दोऱ्यात ओवून ठेवत की वॉशर म्हणून वापरत, हे घरातल्या माणसालाच ठाऊक. आणि ती माणसे थोडी उरली आहेत. एक आण्याचे सहा नये पैसे करून देताना १९५७ मध्ये गल्ल्यावर बसलेला वीस वर्षांचा तरुण आज नव्वदीला टेकला आहे, आणि त्याची वही माळ्यावर आहे.